साडीचा रंग सांगा

मु. पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली
दि. २३ जानेवारी २००१

सौ. नर्मदा हीस रखमाजीचा आशीर्वाद.

तू बहिणीकडंच गेली असशील असं धरून पेमाच्या नांदेडच्या पत्त्यावर लिहून राहिलो. घरी सगळे बरे हायेत. दोन मेंढ्या व्याल्या, तिसरी आजउद्या व्यायची. घरचं सगळं एकट्या अंजलीवर पडलं. नवी सून हाय, तोंडानं काही बोलत न्हाई, पण दिसतं.

गावात मी असं सांगितलं की पेमाचे गुडघे धरले म्हणून तू तिथं ऱ्हायली. आपल्या पोराला, शिवहारला अन्‌ अंजलीलाबी तेच सांगितलं. तुला कोणी इचारलं तर तूबी तेच सांग, म्हणजे बोलण्यात फरक पडायचा न्हाई.

परतीच्या गाडीत माझा डोळा लागला व्हता. नांदेड कवा आलं, तू कवा उतरली, काहीच कळलं न्हाई. पूर्णेला जाग आली तर तुझी जागा रिकामी. गाठोडं तेवढं व्हतं.

पारावर जो तो इचारतो, हैदराबाद कसं हाय? संतराम म्हणला, "चार रोज फिरून येतो म्हणून गेलते, अन्‌ दुसऱ्याच दिशी परत कसे?" मी म्हणलं, शहर बघायला किती येळ लागतो. चारमिनार बघितला, नदी बघितली, मोठा तलाव बघितला. तलाव आपण बघितला न्हाई हे तुला ठाऊक हाय, पण माणसाला काहीतरी सांगावं लागतं.

झालं ते झालं. मी पुढं चाललो व्हतो, तू मागं बांगड्या बघत थांबली. एवढ्या गर्दीत बाईमाणसानं थांबायचं असतं का? जीव टांगणीला लागला की माणसाच्या तोंडातून शब्द जातो. तेवढ्यावरून कोणी असं अर्ध्या वाटंत उतरत न्हाई. आता रविवारच्या गाडीनं ये. शिवहारला हिंगोलीच्या टेशनवर पाठवतो.

पेमाला अन्‌ तिच्या मालकाला, हरिचंदला नमस्कार सांग.

रखमाजी


नांदेड
३० जानेवारी

शिवहारच्या दादांना नर्मदाचा नमस्कार.

चौथीनंतर मी पेन धरला न्हाई. अक्षर वाकडं हाय, लावून वाचा. पेमा म्हणली, तू सांग अक्का, मी लिहिते. मी न्हाई म्हणले. हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं न्हाई.

रविवारी शिवहारला टेशनवर पाठवला असंल. पोरगं उगीच ताटकळलं. मी येणार न्हाई हे मला पहिल्याच दिशी ठाऊक व्हतं, तुमाला लिहायलाच उशीर झाला.

मी बांगड्या बघत नव्हते. माझ्या चपलेचा अंगठा तुटला व्हता.

त्या दिसाचं तुमी सगळं विसरून राहिले का? काचीगुड्याला उतरलो तवा टेशनसमोर लॉज व्हते. मी म्हणले, एक खोली घेऊ, हातपाय धुऊ, गाठोडं ठेवू. तुमी म्हणले, दिवसभर फिरायचं तर खोलीला कशाला पैसे घालायचे, संध्याकाळी बघू. रिक्षावाला आला तर म्हणले, आपल्याला पाय हायेत. मी गाठोडं डोक्यावर घेतलं अन्‌ तुमच्या मागं चालू लागले. तुमचे हात मोकळे व्हते.

नदी आली. तिचा असा वास की तोंडाला पदर लावावा लागला. पुलावर भाकरी खायची ठरली व्हती, ती तशीच ऱ्हायली. चारमिनारला लोक वर चढून राहिले व्हते. तुमी म्हणले, तिकीट कशाला, खालून दिसतोच की. खालून मला रिक्षा अन्‌ माणसांच्या पाठी दिसल्या. म्युझियममधल्या त्या मोठ्या घड्याळाचं तर नावच काढू दिलं न्हाई. घड्याळातून बाहुला निघून घंटा वाजवतो ते बघायचं एवढंच मी घरून म्हणत आले व्हते. तुमी म्हणले, उद्या.

तरी मला तकलीफ वाटली न्हाई. खरं सांगते. मला वाटलं, पहिला दिवस हाय, नवं गाव हाय, उद्या बरं व्हईल.

अंगठा तुटला तवा मी थांबले, अन्‌ तुमी पुढं. मला हाक मारायची व्हती. काय म्हणून मारू? एवढ्या वर्षांत तुमचं नाव तोंडातून काढलं न्हाई. "अवं" म्हणले. "शिवहारचे दादा" म्हणले. तिथं कोणाला शिवहार ठाऊक! तुमचं पागोटं दिसत व्हतं, मग तेबी दिसंना.

मी हरवले म्हणून इथं थांबले न्हाई. तुमी जे केलं त्याच्यासाठी थांबले. "तोंडातून शब्द गेला" असं तुमी लिहिलं. तोंडातून गेला का? नीट आठवा, अन्‌ मग लिहा.

पेमाचे गुडघे चांगले हायेत.

नर्मदा


पुसेगाव
दि. ६ फेब्रुवारी

सौ. नर्मदा हीस,

तुझं पत्र मिळालं. पोस्टमननं पारावर चारचौघांत दिलं. संतराम म्हणला, "वहिनींचं पत्र? वाचा की, गुडघे कसे हायेत ते तरी कळू द्या." मी खिशात घातलं अन्‌ रानात जाऊन वाचलं.

चपलेचं मला ठाऊक नव्हतं. तू तवाच का सांगितलं न्हाई? तिथंच मोची बसला व्हता.

तुला वाटतं मी तुला सोडून मजेत पुढं गेलो. तसं न्हाई. मागं बघितलं, तू न्हाई. अर्धा बाजार उलथापालथा केला. अत्तरवाल्याला इचारलं, फळवाल्याला इचारलं. मग पोलीस चौकीत गेलो. तिथं सगळं बराबर सांगितलं, तू कशी हाय, काय नेसली हाय, उंची किती. त्यांनी लिहून घेतलं. माझ्या सांगण्यावरूनच तू सापडली, हे ध्यानात ठेव.

तू दिसली तवा राग आला हे खरं. काळजीचाच राग असतो तो. माझ्या बापानं आईला असंच केलं असतं, अन्‌ आई दुसऱ्या दिशी विसरली असती. तुला त्या घड्याळाचं मनाला लागलं असंल. तर आपण शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेला जाऊ. रिक्षा करू. तिथं तुला काय घ्यायचं ते घे.

माणसं आता निराळं बोलून राहिली. दगडोबाकाका म्हणले, "रखमा, सोयरिकीत काही बिनसलं का?" मी न्हाई म्हणलं. शिवहार इचारतो, मी आईला आणायला जाऊ का. त्याला मी काय सांगू? घरातलं घरात ऱ्हावं. तू शहाणी हाय.

रखमाजी


नांदेड
१३ फेब्रुवारी

शिवहारच्या दादांना,

जत्रेला मला यायचं न्हाई.

तुमी लिहिलं, चौकीत सगळं बराबर सांगितलं. मी तिथंच व्हते. तुमाला ठाऊक न्हाई, म्हणून आता सांगते.

तुमी दिसंना झाले तवा मी एका बांगडीवालीच्या पायरीवर बसले. ती मुसलमान बाई व्हती. म्हणली, "अम्मा, काइकू घबराते? इदर बैठो, पानी पियो." मी म्हणले, माझा माणूस चुकला. ती दुकान दुसरीवर सोपवून माझ्यासंगं चौकीपर्यंत आली. दारात एक बाई पोलीस व्हती. तिनं नवऱ्याचं नाव इचारलं. मी खाली बघितलं. ती म्हणली, नाव नाही बोले तो कैसा ढूंडना? मग मी तुमचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा घेतलं. ते घेताना माझं तोंड असं तापलं की इचारू नका.

ती म्हणली, "वो अंदर बैठे सो येच क्या?" मी आत बघितलं. तुमची पाठ माझ्याकडं व्हती. मी हाक मारणार, एवढ्यात तो टेबलाजवळचा शिपाई म्हणला, "साडी का रंग बोलो, काका."

तुमी म्हणले, "हिरवी असंल." मग म्हणले, "न्हाई, लाल."

तो म्हणला, उंची? तुमी म्हणले, बायकांएवढी.

तो म्हणला, हातावर, तोंडावर काही निशाणी? तुमी म्हणले, काही न्हाई.

मग त्यानं इचारलं, सोबत सामान काय? तवा तुमी घडाघडा सांगितलं. निळ्या चौकटीची चादर, दोन गाठी, आत भाकरी, ठेच्याची डबी, तुमचं धोतर, घोंगडी, कोपऱ्याला ठिगळ लावलेली. तो शिपाई हसला. म्हणला, "काका, गठड़ी गुमी या घरवाली?" तिथले सगळे हसले.

मी हळदीच्या रंगाची साडी नेसले व्हते. शिवहारच्या लग्नात तुमीच हिंगोलीहून आणलेली. माझ्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचा डाग हाय. चुलीवरचं पाणी सांडलं तवा तुमीच त्याला तेल लावलं व्हतं. रातच्या अंधारात कळपातलं मेंढरू नुसत्या कानाला हात लावून तुमी ओळखता.

तरी मी आत आले. मला वाटलं, सापडले म्हणून तुमाला बरं वाटंल. तुमी उठले अन्‌ माझ्या तोंडात मारली. सगळ्यांसमोर. गाठोडं खाली पडलं. ती बांगडीवाली दारातच व्हती. तिनं तोंडावर हात ठेवला.

हे तुमी "शब्द गेला" म्हणून लिहिलं.

आता माझं सांगते, म्हणजे तुमाला वाटायचं न्हाई की ही नुसती माझ्यावरच बोट ठेवते. त्या बाई पोलिसानं माझा दंड धरला अन्‌ इचारलं, "अम्मा, इनके संगात जाते क्या? नक्को बोले तो नक्को बोलो." अन्‌ मी म्हणले, व्हय, जाते. लगेच म्हणले. गाल हुळहुळत व्हता अन्‌ मी म्हणले, आमचं चालतंच, ते तसे न्हाईत. खाली वाकून गाठोडं उचललं अन्‌ तुमच्या मागं निघाले. त्या बाईनं माझ्याकडं कसं बघितलं ते डोळ्यापुढून जात न्हाई. तुमच्या मारापेक्षा मला माझ्या त्या "व्हय"ची लाज वाटून राहिली. टेशनवर तुमी म्हणले, चल घरी, बघितलं तेवढं बास. तवाबी मी व्हयच म्हणले. नांदेडला गाडी थांबली तवा कुठं पायात बळ आलं.

आता पत्र पाठवू नका. शिवहारलाबी पाठवू नका.

नर्मदा


पुसेगाव
दि. ११ मार्च

नर्मदा,

पाठवू नको म्हणली तरी लिहून राहिलो. वाचलं न्हाईस तरी चालंल.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी पारावर गेलो न्हाई. मेंढरांमागं जातो अन्‌ अंधार पडायला येतो. संतराम घरी आला व्हता, अंगावर घेऊन पडून ऱ्हायलो. वाटलं, तू हे सगळं ऐकलं, बघितलं, अन्‌ मी तुलाच उलटं लिहीत बसलो की मी बराबर सांगितलं. ते पत्र परत मागवता आलं असतं तर मी पायी नांदेडला आलो असतो.

मी गाडीत झोपलो नव्हतो. हे आधी सांगतो. डोळे मिटून बसलो व्हतो. तू उठली, पदर सावरला, माझ्याकडं बघत उभी ऱ्हायली ते मला समजत व्हतं. मी डोळे उघडले असते तर तू थांबली असती का ठाऊक न्हाई. पण उघडायची हिंमत झाली न्हाई. तुझ्या तोंडाकडं बघायचं व्हतं ना. तू उतरली, गाडी हलली, अन्‌ खोटं कशाला बोलू, मला घडीभर सुटल्यासारखं झालं. मग पूर्णेपर्यंत लाज वाटत ऱ्हायली.

तुला मारलं ते काळजीनं न्हाई. तो शिपाई हसला म्हणून मारलं. साडीचा रंग इचारला तवा मी डोळ्यापुढं तुला आणायला गेलो अन्‌ तू येईचना. गाठोडं आलं. माझ्या मागं तू चालती एवढंच मला ठाऊक, कशी चालती, काय नेसून चालती, कधी बघितलंच न्हाई. लोक हसले तवा वाटलं भुई फाटावी. अन्‌ तेवढ्यात तू समोर, हळदीच्या रंगाच्या साडीत. ज्याची लाज वाटली ते मीच केलेलं, अन्‌ मार तुला बसला.

हे सगळं मी लिहिलं नसतं. पण परवा एक झालं. शिवहारचं जेवण व्हायचं व्हतं अन्‌ अंजलीच्या हातून कालवणाचं पातेलं सांडलं. पोरगं उठलं अन्‌ तिच्यावर हात उगारला. मी वसरीवर बसलो व्हतो. "अरे" एवढं माझ्या तोंडातून निघालं. त्यानं माझ्याकडं बघितलं, हात खाली घेतला. मारलं न्हाई. पण पुढं मला बोलायचं व्हतं ते बोलता आलं न्हाई. कोणत्या तोंडानं बोलू? अंजलीनं सांडलेलं पुसलं अन्‌ आत गेली. त्या रोजी घरात कोणीच जेवलं न्हाई.

माझं चुकलं, नर्मदा. तू ये म्हणत न्हाई. घर तुझं हाय, एवढं लिहितो.

रखमाजी


नांदेड
१८ मार्च

शिवहारच्या दादांना नर्मदाचा नमस्कार.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

तुमचं चुकलं ते तुमी कागदावर लिहिलं अन्‌ मी एकटीनं वाचलं. मारलं ते लोकांसमोर. तिथले लोक आता कुठं शोधणार? पण शिवहार हाय, अंजली हाय, पारावरचे हायेत, ज्यांना तुमी तलाव दाखवला. त्यांच्यासमोर एकदा तोंडानं सांगा. मी शेजारी असताना सांगा.

तुमाला लई जड जाईल हे मला ठाऊक हाय. जमत नसंल तर तसं लिहा, मी राग धरणार न्हाई. हरिचंदभाऊंनी मला एका बाईकडं स्वयंपाकाचं काम बघून दिलं हाय, मी इथं ऱ्हाईन. जमत असंल तर पाडवा झाल्यावर येते. कोणाला टेशनवर पाठवू नका, हिंगोलीहून पुसेगावची एस.टी. मला ठाऊक हाय.

अंजलीकडं ध्यान ठेवा. पातेलं कोणाच्याबी हातून सांडतं.

नर्मदा


पुसेगाव
८ एप्रिल

पेमास अक्काचा आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. तू अन्‌ हरिचंदभाऊंनी एवढे दिवस ठेवून घेतलं, एका शब्दानं टोचलं न्हाई, त्याचं काय लिहू. निघताना तू म्हणली, "अक्का, ते बोलणार न्हाईत. पुरुषमाणूस असं बोलत न्हाई." मलाबी तसंच वाटत व्हतं. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

मी आले तवा हे घरी नव्हते. अंजली धावत आली, पाया पडली अन्‌ माझ्या गळ्यातच पडली. शिवहारनं पिशवी घेतली. मला वाटलं, मी येणार म्हणून हे मुद्दाम रानात गेले. मनात म्हणलं, पेमाचं खरं झालं, उद्या परत निघावं.

दिवस कलला तवा हे आले. मागं संतराम अन्‌ दगडोबाकाका. हेच बोलावून घेऊन आले व्हते. त्या दोघांना वाटलं, चहाला बोलावलं. वसरीवर घोंगडी टाकली. अंजलीनं चहा केला अन्‌ दाराआड उभी ऱ्हायली. मी उंबऱ्याजवळ बसले. ह्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. कपातला चहा बशीत ओतला, तो तसाच गार झाला.

मग म्हणले, "काका, मी तुमाला खोटं सांगितलं. पेमाचे गुडघे दुखत नव्हते. हैदराबादला आमी एकच दिवस ऱ्हायलो. तलाव बघितला न्हाई, काहीच बघितलं न्हाई."

संतराम हसत म्हणला, "एवढंच ना? आमाला वाटलंच व्हतं!"

हे म्हणले, "एवढंच न्हाई. तिथं ही गर्दीत चुकली. चौकीत मला हिच्या साडीचा रंग इचारला, मला सांगता आला न्हाई. लोक हसले. त्या रागात मी हिला मारलं. सगळ्यांसमोर तोंडात मारली. हिची काही चूक नव्हती. माझी व्हती."

पेमा, शेवटचं ते लई हळू बोलले. दगडोबाकाकांना वाटलं, आपण वडीलधारे हाव, झाकून घेतलं पाहिजे. ते म्हणले, "रखमा, हे काय चारचौघांत सांगायचं बोलणं हाय का? नवराबायकोत चालतंच."

हे म्हणले, "न्हाई चालत, काका."

मान वर केली न्हाई. संतराम उठला, काका उठले, दोघं पायताणं घालून गेले. जाताना संतरामनं माझ्याकडं बघायचं टाळलं. उद्या पारावर हीच गोष्ट निघंल, हसतील, कोणी म्हणंल बायकोनं नाक घासायला लावलं. ह्यांना ते ठाऊक हाय. ठाऊक असून बोलले.

मला वाटलं व्हतं, त्यांनी असं सांगितलं की मन हलकं व्हईल. तसं झालं न्हाई. बाहेरच्या माणसापुढं त्यांची मान अशी गेलेली मी कधी बघितली नव्हती. मलाच कसंतरी झालं. हे मेंढवाड्याकडं गेले ते बराच येळ आले न्हाईत.

शिवहार माझ्यावर चिडला. म्हणला, "आई, दादांना गावासमोर खाली बघायला लावलं. काहून असं केलं? मला सांगायचं, मी बोललो असतो त्यांच्याशी." मी म्हणले, "तू काय बोलणार व्हता रे? कालवणाचं पातेलं सांडलं तवा तू काय करणार व्हता?" त्याला ठाऊक नव्हतं की मला ते कळलं हाय. तो लाल झाला. उठून बाहेर गेला. दोन दिवस माझ्याशी धड बोलला न्हाई. अजूनबी फुगलेलाच हाय. पण काल अंजली विहिरीवरून येताना मी बघितलं, तो सामोरा गेला अन्‌ तिच्या डोक्यावरची एक घागर त्यानं घेतली. कोणी बघत न्हाई असं बघून घेतली, पण घेतली.

त्या रोजी भाकऱ्या थापताना अंजलीचे हात थांबले अन्‌ ती म्हणली, "आत्याबाई, मला वाटायचं तुमी पुन्हा येत न्हाई." मी म्हणले, मलाबी तसंच वाटायचं. मग आमी दोघींनी मिळून भाकऱ्या केल्या.

तू इचारशील, माफ केलं का? काय सांगू. हे आता हळू बोलतात. ताट वाढलं की माझ्याकडं बघतात, अन्‌ मी बघितलं की नजर खाली घेतात. त्यांची लाज अजून गेली न्हाई, अन्‌ माझीबी न्हाई. आधी वाटलं, आपणच काहीतरी बोलून त्यांना मोकळं करावं. जन्मभर तेच केलं ना. मग म्हणले, ऱ्हाऊ दे. त्यांनी माफी मागितली, उत्तर मागितलं न्हाई. मी अजून दिलं न्हाई.

तुझी अक्का
नर्मदा